पॅलेट घेण्याआधी पापणी बघा: तपकिरी आणि घाऱ्या डोळ्यांसाठी आयशॅडो

‘तपकिरी डोळ्यांना सगळेच रंग शोभतात.’ आयशॅडोवरच्या बहुतेक लेखांत आपली बोळवण या एका वाक्यावर होते. निळ्या डोळ्यांसाठी चार परिच्छेद, हिरव्यांसाठी तीन आणि आपल्या वाट्याला ‘काहीही लावा’. मग बारा रंगांचं पॅलेट घरी येतं, त्यातले दोन-तीन वापरले जातात आणि बाकीचे ड्रॉवरमध्ये पडून राहतात.

ते वाक्य खोटं नाही, पण अर्धवट आहे. तपकिरीतही काळाभोर, चहाच्या रंगाचा, मधाळ असे प्रकार आहेत. घारे डोळे तर त्याहून वेगळे. शिवाय आयशॅडो बुबुळावर लागत नाही, पापणीच्या कातडीवर लागते. डोळ्याचा रंग पाहून निवडलेला सुंदर रंग पापणीवर राखेसारखा दिसला, तर त्या निवडीचा उपयोग काय? म्हणून दोन्ही एकत्र बघायचे, बुबुळ आणि पापणी.

डोळ्याचा रंग नेमका कोणता?

सकाळी दहाच्या सुमारास खिडकीपाशी उभं राहा. तोंड उजेडाकडे, पण थेट ऊन नको. कुणाला तरी फोनच्या मागच्या कॅमेऱ्याने, फ्लॅश बंद ठेवून, एका डोळ्याचा जवळून फोटो काढायला सांगा. सेल्फी कॅमेरा चेहरा गुळगुळीत करण्याच्या नादात रंगही बदलतो. फोटो मोठा करून बुबुळाची बाहेरची कड, मधला भाग आणि बाहुलीभोवतीचं कडं, असे तीन भाग बघा. बाहुली कुठे संपते आणि बुबुळ कुठे सुरू होतं हे कळतच नसेल, तर डोळे काळेभोर. बाहुली स्पष्ट दिसते आणि बुबुळ कोऱ्या चहासारखं आहे, तर मध्यम तपकिरी. त्यात सोनेरी किंवा तांबूस रेषा चमकतात, तर मधाळ. हिरवट, करडी किंवा निळसर झाक असेल, तर घारे.

घाऱ्या डोळ्यांबद्दल एक गंमत. माणसाच्या बुबुळात निळं किंवा हिरवं रंगद्रव्य नसतंच. असतं ते मेलॅनिन. ते भरपूर असलं की डोळा तपकिरी दिसतो. कमी असलं की बुबुळाच्या तंतूंतून प्रकाश विखुरतो आणि निळसर-करडी झाक येते, त्यात थोडं पिवळट-तपकिरी मिसळलं की हिरवट. त्यामुळे घारे डोळे उजेडाप्रमाणे आणि जवळच्या रंगाप्रमाणे बदलल्यासारखे वाटतात. आयशॅडोचा सगळ्यांत ठळक परिणाम त्यांच्यावर दिसतो तो यामुळेच.

शेजारचा रंग काय करतो

पॅरिसच्या गोबलाँ कारखान्यात, जिथे भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं बनत, मिशेल यूजेन शेवरल हा रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तर धाग्याचा रंग उत्तम होता. दोष शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्याचा होता. शेजारचा रंग आपल्या विरुद्ध रंगाची झाक जवळच्या वस्तूवर टाकतो, हा नियम त्याने १८३९ साली मांडला. आयशॅडोचं सगळं गणित त्यावर उभं आहे.

रंगचक्रात निळ्यासमोर नारिंगी, हिरव्यासमोर लाल, पिवळ्यासमोर जांभळा. तपकिरी म्हणजे मुळात गडद केलेला नारिंगी. म्हणून तपकिरी बुबुळाशेजारी निळा आला की त्यातली ऊब वर येते. हिरवट घाऱ्याशेजारी विटकरी किंवा डाळिंबी आला की हिरवा खुलतो. निळसर-करड्याशेजारी तांब्याचा रंग आला की निळाई दिसू लागते.

यातला महत्त्वाचा भाग बहुतेक जण विसरतात. हा परिणाम अंतरावर अवलंबून असतो. भुवईखाली फासलेला निळा बुबुळापर्यंत पोचत नाही. बुबुळाला सर्वांत जवळच्या जागा दोनच: वरच्या पापणीच्या केसांची मुळं आणि खालच्या पापणीची कड. डोळ्याचा रंग खुलवणारी छटा तिथे लावायची, अगदी दोन मिलिमीटरची रेघ पुरते. बाकीच्या पापणीवर तुमच्या कातडीला शोभेल ते लावा. हे एकदा कळलं की आठ निळ्या छटांचं पॅलेट घेण्याची गरजच उरत नाही. एक चांगला निळा पुरतो.

आता प्रकाराप्रमाणे

काळ्याभोर डोळ्यांत बुबुळाचा रंग लांबून दिसत नाही, त्यामुळे विरुद्ध रंगाचा नियम इथे फारसा चालत नाही. इथे खेळ आहे तो काळ्या बुबुळाचा आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागाचा. गर्द निळा लावला की पांढरा भाग अधिक स्वच्छ वाटतो. पाचूसारखा हिरवा, मोरपंखी, वांगी, तांब्याचा रंग असे भरदार रंग या डोळ्यांना पेलतात. फिके गुलाबी-बदामी रंग या डोळ्यांपुढे हरवून जातात. आणि वर काळी आयशॅडो, काळं लायनर, आत काळं काजळ, खालीही काळं असं सगळं एकदम नको. बुबुळ त्यात बुडतं आणि डोळा लहान दिसतो. काजळ काळं ठेवायचं असेल, तर वरचा रंग काळा नको, आणि वरचा काळा हवा असेल तर खालच्या कडेला तांबूस किंवा निळा येऊ द्या.

चहाच्या रंगाचे डोळे मात्र नियमाचे पक्के. गर्द निळा, मोरपंखी आणि निळ्याकडे झुकणारा जांभळा त्यांना उजळवतात. उन्हात दिसणाऱ्या सोनेरी रेषा घरातही दिसाव्यात असं वाटत असेल, तर विरुद्ध रंगाऐवजी सोबतीचा रंग घ्या: पापणीच्या मध्यभागी तांबं किंवा जुनं सोनं. फक्त बुबुळाशी हुबेहूब जुळणारा मॅट, म्हणजे बिनचमकीचा, तपकिरी सगळीकडे लावू नका. डोळा आणि पापणी एकाच रंगात विरघळतात. बुबुळापेक्षा दोन छटा गडद किंवा दोन छटा उजळ असा तपकिरी निवडा.

मधाळ डोळ्यांत पिवळं जास्त, म्हणून जांभळ्याची घराणी त्यांची: वांगी, जांभूळ, फिकट लव्हेंडरची झाक. मेंदी रंगात सोनेरी कण असलेली छटा यांना फार सुंदर दिसते, पण ती दुकानात उदास वाटते म्हणून कुणी घेत नाही.

घाऱ्यांसाठी लालसर रंग: विटकरी, डाळिंबी, तांबं, लालसर वांगी. धोकाही इथेच आहे. लाल रंग थेट केसांच्या मुळाशी लागला की डोळे आल्यासारखे किंवा रडून सुजल्यासारखे दिसतात. म्हणून मुळाशी आधी गडद चॉकलेटी रेघ, तिच्या वर लालसर रंग. ती एक मिलिमीटरची रेघ सगळा फरक करते. घाऱ्या डोळ्यांना काळ्या मस्काऱ्यापेक्षा चॉकलेटी मस्कारा दिवसा जास्त चांगला दिसतो, असं माझं ठाम मत आहे.

पापणीचा रंग

आपल्याकडे बऱ्याच जणींची पापणी गालापेक्षा गडद असते. कुणाची जांभळट, कुणाची चॉकलेटी, कुणाची करडी. ही शरीरातली सर्वांत पातळ कातडी. खालच्या रक्तवाहिन्यांची निळसर झाकही तिच्यातून वर येते. अशा पापणीवर फिका बदामी मॅट लावला की राख फासल्यासारखा भुरकटपणा येतो. कारण सरळ आहे. फिक्या मॅट रंगांत टाल्क, म्हणजे शंखजिरं, आणि टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर असतं. पांढरा पातळ थर गडद कातडीवर पडला की करडाच दिसणार.

उपाय दोन. एक, सर्वांत फिकी छटा तुमच्या पापणीपेक्षा फार तर दीड छटा उजळ असू द्या आणि ती पिवळट किंवा अबोली असू द्या, गुलाबी नको. दोन, जांभळट पापणीवर आधी अबोली करेक्टर, म्हणजे खालची झाक मारणारं रंगीत क्रीम. खूप गडद असेल तर नारिंगी. दोन्ही डोळ्यांना मिळून तांदळाच्या एका दाण्याएवढा पुरतो. तो बोटाने थोपटून बसवायचा, त्यावर पातळ कन्सीलर आणि त्यावर थोडी लूज पावडर. करेक्टर जास्त झाला तर अर्ध्या तासात घडीत साचतो आणि वरच्या आयशॅडोला भेगा पडतात.

चमकदार रंगांतही फरक असतो. चमक येते ती अभ्रकाच्या कणांमुळे. कणांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर असेल तर चमक मोतिया, चांदीसारखी किंवा निळसर-गुलाबी येते आणि गव्हाळ-सावळ्या पापणीवर ती दंव पडल्यासारखी वर तरंगते. कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असेल तर रंग तांबं, कांस्य, जुनं सोनं असा येतो आणि तो कातडीत मिसळतो. पॅलेटमध्ये एकच चमकदार रंग निवडायचा असेल, तर मी दुसऱ्या प्रकारचा घेईन.

पॅलेट उघडल्यावर मोजा

झाकणावरचा फोटो आणि नाव बाजूला ठेवा आणि आतल्या वड्या मोजा. कामाच्या छटा पाच: पापणीच्या रंगाच्या आसपासचा एक मॅट, त्याहून दोन छटा गडद, उबदार असा दुसरा मॅट, काळपट चॉकलेटी किंवा काळपट वांगी असा अतिगडद मॅट, एक तांबूस-सोनेरी धातूची चमक, आणि डोळ्याचा रंग खुलवणारी एक छटा. या पाच असतील तर सहा वड्यांचं पॅलेटही पुरेसं. बारापैकी पाच वड्या मोतिया, फिक्या गुलाबी, बदामी अशा असतील, तर गव्हाळ पापणीसाठी त्या वाया गेल्या असं समजा.

दुकानातला टेस्टर डोळ्याला लावू नका. हातावर बघा, पण बोटाने ओढलेल्या पट्ट्यावर विश्वास ठेवू नका. बोटाचा दाब आणि ओलावा यांमुळे कुठलाही रंग भरदार दिसतो. शेजारीच दुसरा पट्टा स्वच्छ ब्रशने किंवा एकदाच वापरायच्या कापसाच्या काडीने काढा. दोन फटकाऱ्यांत रंग दिसला पाहिजे. मग त्यावर कोरडा मऊ ब्रश दहा वेळा हलकेच फिरवा. रंग निम्म्याहून अधिक उडाला तर पापणीवर तो टिकणार नाही. शेवटी दुकानाबाहेर येऊन उजेडात हात बघा. तळहाताकडची बाजू उजळ असते, म्हणून पट्टे हाताच्या पाठीवर काढा. ऑनलाइन घेताना आपल्यासारख्या कातडीवरचे, खिडकीच्या उजेडातले फोटो शोधा.

मागची बारीक अक्षरंही वाचा. ७७४९१, ७७४९२, ७७४९९ हे लोहाचे लाल, पिवळा आणि काळा ऑक्साइड, ७७८९१ टायटॅनियम डायऑक्साइड, ७७०१९ अभ्रक, ७७००७ अल्ट्रामरीन निळा. ७५४७० म्हणजे कार्माइन, हा लाल रंग कोचिनिअल नावाच्या किड्यांपासून मिळतो; कडक शाकाहारी असाल तर हा आकडा लक्षात ठेवा. काही परदेशी पॅलेटमधल्या भडक गुलाबी, लाल, जांभळ्या वड्यांवर ‘डोळ्यांच्या आसपास वापरासाठी नाही’ अशी सूचना असते. तसे रंग पापणीवर डागही सोडतात. आयात केलेल्या प्रसाधनांवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक असावा लागतो. तो नसेल तर माल खाली ठेवा.

लावायची पद्धत

ब्रश तीन हवेत: निमुळत्या टोकाचा फुगीर ब्लेंडिंग ब्रश, चपटा आखूड ब्रश आणि पेन्सिलीच्या टोकासारखा बारीक ब्रश. पॅलेटसोबत येणारी स्पंजची काडी मॅट रंगांसाठी निरुपयोगी.

डोळे आधी, फाउंडेशन नंतर. गडद रंगांची भुकटी गालावर सांडतेच, आणि ती उघड्या कातडीवरून पुसणं सोपं. प्रत्येक पापणीला अर्ध्या तांदळाएवढा प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, लावून एक मिनिट थांबा. मॅट रंग ओलसर थरावर पडला की डाग धरतो आणि पुढे सरकत नाही, म्हणून त्याआधी अगदी थोडी पावडर.

आरशात समोर बघा, भुवया न उचलता. दुसऱ्या क्रमांकाचा उबदार मॅट फुगीर ब्रशच्या टोकावर घ्या, एकदा झटका आणि घडीच्या तीन-चार मिलिमीटर वर गाडीच्या वायपरसारखा पुढे-मागे फिरवा. पापणी झाकलेली असेल, म्हणजे डोळा उघडल्यावर घडी दिसतच नसेल, तर हा रंग डोळा उघडा ठेवूनच लावायचा. मिटून लावलेला रंग उघडल्यावर गायब होतो. एकदम खूप रंग घेण्यापेक्षा थोडा-थोडा तीन वेळा घ्या. अतिगडद मॅट फक्त बाहेरच्या एक तृतीयांश भागावर, चपट्या ब्रशने थोपटून, आणि त्याच्या कडा मघाच्याच फुगीर ब्रशने विरवून. त्या ब्रशवर नवीन रंग घेऊ नका.

चमकदार रंग बोटाने. अनामिकेवर घेऊन पापणीच्या मध्यभागी दाबा. घासलं तर कण पसरतात आणि खालचा मॅट उचकटतो. मग बारीक ब्रशने तुमची ती खास छटा: वर केसांच्या मुळाशी पूर्ण (लालसर असेल तर मघाच्या चॉकलेटी रेघेच्या वर) आणि खाली बाहेरच्या दोन तृतीयांश कडेवर. मॅट निळा आणि जांभळा बऱ्याचदा ठिगळासारखे बसतात. त्यांच्याखाली त्याच रंगाच्या पेन्सिलीची रेघ ओढा, ओली असतानाच ब्रशने रंग थोपटा. जांभळा घासला की करडा पडतो, म्हणून त्याला फक्त थोपटायचं.

काजळाशिवाय आपला डोळा पुरा होत नाही, आणि दमट हवेत ते खाली उतरतं. मुंबईत किंवा कोकणात दुपारी डोळ्याखाली काळी छटा येते ती यामुळे. वरच्या वॉटरलाइनला, म्हणजे पापणीच्या केसांच्या आतल्या ओलसर कडेला, काजळ लावा. खाली लावायचं असेल तर केसांच्या मुळांबाहेर आलेला भाग काळ्या किंवा चॉकलेटी मॅट आयशॅडोने बारीक ब्रशने थोपटून बसवा. पावडर तेल शोषते आणि काजळ बरंच जास्त वेळ जागेवर राहतं. वॉटरलाइनवर मात्र पावडर कधीच नको.

रंग मळतात ते का

सर्वांत जास्त होणारी चूक: तांबं आणि निळा एकाच ब्रशने एकमेकांत विरवणं. शेजारी ठेवले की एकमेकांना खुलवणारे विरुद्ध रंग मिसळले की एकमेकांना मारतात आणि चिखलासारखा करडा उरतो. दोघांत चॉकलेटी मॅटची पट्टी ठेवा आणि ब्रश बदला, नाहीतर कोरड्या टॉवेलवर दहा-बारा वेळा पुसून घ्या.

दुसरी गोष्ट उजेडाची. मंगल कार्यालयातल्या पिवळ्या दिव्यांत निळा प्रकाश कमी असतो, त्यामुळे गर्द निळा मॅट काळा दिसतो आणि वांगी चॉकलेटी. संध्याकाळच्या लग्नाला निळ्याऐवजी चमक असलेला मोरपंखी घ्या. गोरज मुहूर्त असेल तर सगळे विधी उजेडातून दिव्यांत जातात. तिथे तांबं आणि जुनं सोनं दोन्हीकडे टिकतं. पैठणीच्या काठांशी जुळवायचं असेल तर आयशॅडो साडीच्या रंगाशी नाही, जरीच्या रंगाशी जुळवा. हिरव्या साडीवर हिरवी पापणी केली की चेहरा साडीत हरवतो.

चष्मा असेल तर नंबर बघा. उणे नंबरच्या भिंगातून डोळे लहान दिसतात, म्हणून पापणीच्या मध्यभागी उजळ चमक आणि केसांच्या मुळाशी स्पष्ट रंग. अधिक नंबरच्या भिंगातून सगळं मोठं दिसतं, चुकाही. तिथे मॅट रंग आणि नीट विरवलेल्या कडा. कॉन्टॅक्ट लेन्स मेकअपच्या आधी घाला, मेकअप उतरवण्याच्या आधी काढा आणि सुटं ग्लिटर टाळा. रंगीत लेन्स घालत असाल तर निवड लेन्सच्या रंगाप्रमाणे करा.

जपणूक

मागच्या बाजूला उघड्या डबीच्या चित्रात लिहिलेले महिने उघडल्यापासून मोजायचे; पावडर आयशॅडोला बहुधा चोवीस असतात, क्रीमला कमी. रोज वापरत असाल तर ब्रश आठवड्यातून एकदा सौम्य शाम्पूने धुवा आणि आडवे वाळवा. डोळे आले असतील तर बरे होईपर्यंत काहीच लावू नका, आणि त्या दिवसांत वापरलेलं काजळ, मस्कारा टाकून द्या. पॅलेट मैत्रिणीलाही वापरायला देऊ नये, हे बोलायला जड जातं, पण द्यायचंच असेल तर तिचा ब्रश वेगळा असू द्या.

वडीवर तुकतुकीत कडक थर आला आणि रंग निघेना, तर तो बोटाच्या तेलाचा आहे. सेलोटेप हलका दाबून उचला, खालची भुकटी ठीक असते. वडी फुटली असेल तर तुकडे टूथपिकने पूर्ण बारीक करा, ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार-पाच थेंब टाकून दाट लगदा करा, वर टिश्यू ठेवून नाण्याने सपाट दाबा आणि झाकण उघडं ठेवून एक दिवस वाळू द्या. पावसाळ्यात दोन दिवस.